ताहेनुतची आई

१

शनिवारी सकाळी सात वाजता मी वखारीचं कुलूप काढलं, दोनशे बारा नंबरची पेटी उघडली, आणि ती रिकामी होती. आत नुसता कापूस होता आणि कापसात एका दगडाच्या आकाराचा खळगा, शाईने लिहिलेला जुना कपरा, म्हणजे दगडाचा तुकडा, जिथे असायला हवा होता.

तेवीस वर्षं मी या वखारीची नोंदवही लिहिते आहे. नाईलकाठच्या गुर्नाच्या डोंगरातून आमच्या खोदकामाच्या तुकडीने जे जे काढलं, ते माझ्या हाताखालून गेलं आहे. वस्तू हरवली तर पहिला संशय माझ्यावर यायला हवा, कारण किल्ली माझ्याकडे असते. तसा तो आला असता तर मी समजून घेतलं असतं. पण किल्ल्या तीन होत्या. एक माझी, एक खोदकामाचे प्रमुख डॉक्टर रशवान यांची, आणि एक रखवालदार हसानैनकाकांची. तिघांत गरीब कोण, एवढंच पाहायचं होतं आणि ते पाहायला कुणालाच वेळ लागला नाही.

वखारीच्या मागे हसानैनकाकांची खोली आहे. तिच्या पायरीवर इनॅमलचं एक वाडगं सापडलं. त्यात पांढरं काहीतरी गच्च भरलेलं होतं, मध्ये चमचा रोवलेला होता आणि भोवती पांढरी भुकटी सांडली होती. डॉक्टर रशवान सकाळच्या होडीने नदी ओलांडून नुकतेच पोहोचले होते. त्यांनी वाडगं पाहिलं, मान हलवली आणि पोलिसांच्या मेजर तौफिकला सगळं प्रकरण तिथेच उभ्या उभ्या समजावून दिलं.

"कपऱ्यावर होतं काय? तापावरचा एक ताईत आणि कुणा दळणारणीचं नाव. बाजारात त्याला कांद्याचा भाव मिळणार नाही. म्हणजे चोर पैशासाठी आलेलाच नाही, मेजर. या रखवालदाराच्या सुनेला सहा वर्षं मूल नाही. या बायका जुना दगड कुटतात आणि पाण्यातून पितात. पुस्तकांत आहे सगळं."

मेजरने मान डोलावली. पुस्तकांत आहे म्हटल्यावर तो तरी काय करणार?

हसानैनकाका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. तो दगड बुधवारी त्यांनाच सापडला होता. मजूर गेल्यावर चाळलेल्या मातीच्या ढिगावर त्यांना शाई दिसली, आणि रुमालात गुंडाळून त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "चोरायचा असता तर बुधवारीच खिशात घातला असता, साहेब." साधं बोलणं होतं आणि खरं होतं, म्हणून कुणी ऐकलं नाही.

मग मेजरने त्यांचं ओळखपत्र मागवलं आणि सगळ्या मजुरांसमोर मोठ्याने वाचलं. नाव, बापाचं नाव, आणि मग आईचं नाव. आमच्याकडे पुरुषाच्या आईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. त्यावरून पोरं डोकी फोडतात. मेजर दहा वर्षं इथे आहे, त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याने ते दोनदा वाचलं. बासष्ट वर्षांचा तो माणूस मान खाली घालून जीपमध्ये चढला. ते नाव मी इथे लिहीत नाही.

जीप वळली तेव्हा मुकादम बुगदादी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "रसमियाबाई, त्या वाडग्यातला चमचा ओढून पाहिला मी. हलत नाही."

२

राणी ताहेनुत कुणाची मुलगी, यावर शंभर वर्षं विद्वान भांडत आहेत. भिंतींवर तिच्या नावाआधी 'राजाची पत्नी' असं असतं. 'राजाची कन्या' कुठेच नाही. फक्त एका भिंतीवर तिच्या नावाआधी भगदाड आहे, दोन हात रुंद. डॉक्टर रशवाननी त्या भगदाडात 'राजाची कन्या' हे शब्द बसवले, त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि रविवारी कैरोहून टीव्हीवाले त्यासाठीच येणार होते. राजरक्त, शुद्ध वंश, बाप राजा आणि आईही राजाची लेक. त्यांची सगळी कीर्ती त्या भगदाडात उभी होती.

बुधवारी काकांनी कपरा आणला तेव्हा डॉक्टर माझ्या टेबलाशी चहा पीत होते. तळहाताएवढी चुनखडी, काळ्या शाईच्या चार ओळी. कुणा वैद्याने कच्चा मसुदा केला असणार, मग तो पपायरसवर उतरवला असणार. डॉक्टरांनी पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "तापा, बाहेर ये. ताहेनुत, थोरली राणी, जिला जन्म दिला..." तिथे ते थांबले. खालच्या दोन ओळींवर मातीचा थर दगडासारखा घट्ट बसला होता. त्यांनी कप खाली ठेवला, किरकोळ वस्तू आहे म्हणाले, आणि साफसफाई आठवडाभर थांबली तरी चालेल असं सांगून गेले. मी वहीत लिहिलं: चार ओळी, दोन वाचता येतात, दोन थराखाली. फोटोवाला फक्त शनिवारी येतो, त्यामुळे फोटोही नव्हता. डॉक्टर एवढे गप्प का झाले, हे त्या दिवशी मला सुचलं नाही याचा मला आजही राग येतो.

आता मी आधी लीनला गाठलं. ती बेल्जियमची, वस्तूंची सफाई आणि चित्रं करते, आणि आमची अरबी मोडून मोडून पण न लाजता बोलते. ती रडत होती. तिचीच चूक झाली असं तिला वाटत होतं, कारण गुरुवारी हातात काही काम नव्हतं म्हणून कुणी न सांगता तिने तो थर काढायला घेतला होता. बांबूच्या काडीने, मिलिमीटर मिलिमीटर. चार वाजता शेवटचा तुकडा निघाला. खाली अक्षरं स्वच्छ आली. तिने कपरा पेटीत ठेवला आणि मी तो न बघताच वखारीला कुलूप लावलं.

मी तिला विचारलं की खाली काय लिहिलं होतं. ते तिला माहीत नव्हतं. ती लिपी तिला काढता येते, वाचता येत नाही. हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं का, हेही मी विचारलं. ते तर गुरुवारी दुपारी बारालाच लक्सरच्या हॉटेलात गेले होते आणि आज सकाळी आले. ती कुणाशीच बोलली नव्हती.

मग मी वखारीतल्या कामाच्या खोलीत गेले. फळीवर दोन सारखे डबे होते, दोन्हींत पांढरी भुकटी, दोन्हींवर चिठ्ठी नाही. एकात दगडाचं पीठ, भेगा भरायला. दुसऱ्यात प्लास्टर. बुगदादीने दोन्हींत बोटं घातली आणि सरळ सांगितलं कोणतं कोणतं. "प्लास्टर बोटाला चिकटतं, दगड सरकतो. तीस वर्षं कालवतोय मी. आमच्यातल्या कोणत्याही माणसाला डोळे बांधून विचार."

प्लास्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. वाडग्यात होतं ते प्लास्टर होतं, म्हणूनच चमचा हलत नव्हता. आणि प्लास्टर कुणी मूल होण्यासाठी पीत नाही. कुणीतरी दगडाचं पीठ समजून चुकीचा डबा उचलला होता.

एवढ्यात बुगदादी खाली बघत म्हणाला की त्याला एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. शुक्रवारी नमाजाच्या वेळी काकांची सून वखारीकडे जाताना त्याच्या पोरीने पाहिली होती.

३

काकांची सून सबरीन घरी भट्टीसमोर बसली होती. उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या तिने आत सरकवल्या होत्या आणि एकही वेळेवर काढली नव्हती. करपल्याचा वास अंगणभर होता. मला पाहून ती उठलीही नाही.

"आलात? या. मीच कुटला दगड, मीच प्यायले. सगळं गाव म्हणतंय, तुम्ही कशाला मागे राहता, मावशी?"

मी तिच्याशेजारी बसले आणि चिमट्याने भाकऱ्या बाहेर काढल्या. तिला रडवायचं नव्हतं, पण काका कोठडीत होते आणि मला गोड बोलायला वेळ नव्हता. मी म्हटलं की तिला पाहिलंय लोकांनी, तेव्हा काय केलं ते सांग.

तिने सांगितलं. वखारीबाहेर दाराची जुनी चौकट पडलेली आहे, कोरलेली, तीन हजार वर्षांची. मूल व्हावं म्हणून शुक्रवारी दुपारची बांग सुरू झाली की ती चौकट सात वेळा ओलांडायची. माझी आई तेच करायची, मी तेच केलं होतं, आणि कैरोहून शिकून आलेल्या बायकाही गुपचूप तेच करून जातात. बांगेच्या वेळी सगळे पुरुष मशिदीत असतात, म्हणून तेव्हाच.

"आणि कुटायचं म्हणतो तो डॉक्टर!" सबरीनचा आवाज चढला. "जी वस्तू ओलांडायची ती अखंड लागते. तिचा टवका जरी उडाला तरी पोट मोडतं. सहा वर्षं मी त्या चौकटीवर पदराचं टोक पडू दिलं नाही. मी दगड कुटेन? माझ्या हाताने माझाच नाश करेन?"

हे कोणत्याही पुस्तकात नसेल. ज्याने ते वाडगं ठेवलं त्याने आमच्याबद्दल वाचलं होतं, आम्हाला विचारलं नव्हतं.

मी वाडग्याबद्दल विचारलं. ती म्हणाली की सातवी फेरी झाली तेव्हा ते पायरीवर दिसलं होतं. वरून फडकं टाकलेलं. सासऱ्यांसाठी कुणी दूध ठेवलं असेल म्हणून तिने हात लावून पाहिला. "गरम होतं, मावशी. चांगलं गरम. नंतर ते घेऊन जातील म्हणून तसंच ठेवलं. पण मशिदीतून ते थेट घरी आले आणि रात्री इथेच झोपले." ती बोलली असती तर आपण तिथे होतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग दोघेही आत गेले असते. गप्प राहून तिने सासऱ्याला आत जाऊ दिलं होतं, आणि ते तिच्या करपलेल्या भाकऱ्यांवरून दिसत होतं.

गरम! प्लास्टर कालवलं की अर्ध्या तासात आपोआप तापतं आणि मग घट्ट होतं. म्हणजे वाडगं शुक्रवारी नमाजाच्या वेळेलाच भरलं गेलं. तेव्हा हसानैनकाका मशिदीत होते, बुगदादी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि मागे दीडशे माणसं साक्षीला होती.

निघताना माझं लक्ष तिच्या गळ्यातल्या चामड्याच्या ताईताकडे गेलं. गेल्या वर्षी पलीकडच्या गावच्या शेखकडून आणलेला. मी सहज विचारलं की शेखने लिहिताना काय काय विचारलं.

"माझं नाव आणि आईचं नाव. दुसरं काय विचारणार?"

"बापाचं नाही?"

ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "ताईतात बाप चालत नाही, मावशी. बाप कोण ते बाप सांगतो. आई कोण ते सगळं गाव पाहतं. आणि नाव खोटं दिलं तर ताईत लागत नाही, ताप भलत्याच बाईला जातो."

मी उठून उभी राहिले. भिंतीवर राणी काहीही लिहवून घेऊ शकते. भगदाडात डॉक्टर काहीही बसवू शकतात. पण अंगात ताप असताना, जीव जायची वेळ असताना, कुणी वैद्याला आईचं खोटं नाव सांगत नाही. त्या कपऱ्यावर राणीची खरी आई होती. आणि सकाळी वाडग्यापाशी उभं राहून एका माणसाने ती कोण होती ते आम्हाला सांगून टाकलं होतं.

४

चौकीत हसानैनकाका बाकावर बसले होते. डॉक्टर मेजरच्या समोर खुर्चीत, पायावर पाय टाकून, कबुलीजबाब लिहून देत होते. काकांनी फक्त अंगठा द्यायचा होता. वाडगं टेबलावर होतं. मेजरने त्यातल्या घट्ट झालेल्या पांढऱ्या लाद्यावर तीन सिगारेटी विझवल्या होत्या.

"बाईसाहेब, घरी जा," मेजर म्हणाला. "कामात व्यत्यय नको."

मी गेले नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "कपऱ्यावर दळणारणीचं नाव होतं, हे तुम्ही कधी वाचलंत?"

त्यांनी वर न पाहताच सांगितलं की बुधवारी, माझ्यासमोर.

मी वही उघडून मेजरपुढे ठेवली. बुधवारची नोंद, माझं अक्षर, खाली डॉक्टरांची स्वतःची सही. दोन ओळी वाचता येतात, दोन थराखाली. थर निघाला गुरुवारी चारला. डॉक्टर गुरुवारी बाराला गेले ते शनिवारी आले, हे त्यांनीच मेजरला लिहून दिलं होतं. मग थराखालची दळणारीण त्यांना कुठे भेटली?

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग ते म्हणाले की अशा ताईतांत अशीच नावं असतात, अंदाजाने बोललो. आवाज शांत होता. मेजरने माझ्याकडे पाहिलं. त्याचा अजून अर्ध्याहून जास्त विश्वास खुर्चीतल्या माणसावरच होता.

मी म्हटलं की ठीक आहे, दळणारीण बाजूला ठेवू. हे वाडगं ज्याने भरलं त्याच्याकडे वखारीची किल्ली होती. त्याला दगडाचं पीठ हवं होतं आणि त्याने प्लास्टर घेतलं. काका मशिदीत होते. माझ्यावर संशय असेल तर मला धरा, पण मी तेवीस वर्षं प्लास्टर कालवते आहे. लीन कालवते, बुगदादी कालवतो, रखवालदार वखारीची भोकं त्यानेच बुजवतो. खोदकामावर फक्त एक माणूस असा आहे ज्याने चाळीस वर्षांत एकदाही स्वतःच्या हाताने प्लास्टर कालवलेलं नाही. माती दुसऱ्यांनी काढली, चाळली दुसऱ्यांनी, पुसली दुसऱ्यांनी, आणि यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. आणि नेमकं पीठच ओळखता आलं नाही.

"तोंड सांभाळा," डॉक्टर म्हणाले.

"हे तुमचंच वाडगं आहे, साहेब. शुक्रवारी नमाजाच्या वेळी तुम्ही गुपचूप नदी ओलांडून आलात. दगड पाण्यात टाकून शाई धुऊन काढायची होती तुम्हाला. धुतलेला दगड काकांच्या पायरीवर सापडला असता, भोवती पीठ, म्हणजे सुनेने दगड खरवडून प्यायला असं सगळ्यांना वाटलं असतं, की झालं काम. पण ते पीठ नव्हतं, प्लास्टर होतं, ते घट्ट झालं आणि सकाळी दगड दिसलाच नाही. तुम्हालाही नाही. म्हणून तुम्ही म्हणालात की कुटला."

मेजरच्या टेबलावर कागद दाबायला लोखंडी वजन होतं. ते मी उचललं. मेजर उठला, पण मला अडवायला नाही, खुर्ची मागे घ्यायला. दुसऱ्या घावाला लादा दुभंगला.

आत दगड होता. तळहाताएवढा, अखंड, आणि पूर्ण कोरा. एक ओळ राहिली नव्हती. डॉक्टरांनी एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी ऐकला. पुरावा गेला होता, आणि पुराव्याशिवाय मी म्हणजे वखारीतली एक तोंडाळ बाई.

मग हसानैनकाका बाकावरून उठले. त्यांनी दगडाला हात लावला नाही. लाद्याचा दुसरा अर्धा भाग उचलला, ज्यात दगड रुतून बसला होता, आणि खिडकीकडे धरला.

"पोरी," ते म्हणाले, "शाई इकडे आली आहे."

प्लास्टरने शाई ओढून घेतली होती. चारही ओळी त्या पांढऱ्या खळग्यात होत्या, उलट्या, पण एकूण एक. मेजरच्या भिंतीवर दाढीचा आरसा लटकत होता. मी तो काढला आणि समोर धरला. तेवीस वर्षं नोंदी करता करता ती लिपी मलाही वाचता येऊ लागली आहे, पुढचं मी मोठ्याने वाचलं.

"तापा, बाहेर ये. ताहेनुत, थोरली राणी, जिला जन्म दिला तामितने. या वस्तीत दळण दळणाऱ्या तामितने."

डॉक्टर रशवान आरशाकडे बघत म्हणाले, "उद्या टीव्हीवाले येणार आहेत." त्यांना अजूनही तेवढंच दिसत होतं. मेजरने कबुलीजबाबाचा कागद त्यांच्यासमोरून ओढून घेतला, फाडला, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

५

लोक मला विचारतात की मग राणीचा बाप कोण. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. राजा असेल, गवंडी असेल. तामितला माहीत होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांना प्रकृतीच्या कारणावरून रजा मिळाली. कैरोच्या कागदावर अगदी हेच शब्द होते. ज्या माणसाने तीन हजार वर्षांची शाई धुतली आणि एका म्हाताऱ्याला तुरुंगात घालायला निघाला, त्याची प्रकृती बिघडली. हसानैनकाकांची माफी कुणी मागितली नाही. मेजरने ओळखपत्र परत दिलं, टेबलावरून सरकवून.

सोमवारी मी नवी नोंद करायला बसले. वस्तू: प्लास्टरचा लादा, उलटी शाई, चार ओळी. शेवटचा रकाना 'कुणाला सापडली' असा असतो. तेवीस वर्षं मी त्यात खोदकामाच्या प्रमुखाचं नाव लिहीत आले, कारण तशी पद्धत आहे. हसानैनकाका दारात चहा घेऊन उभे होते, नेहमीसारखाच साखरेने दाट झालेला.

मी लिहिलं: हसानैन. मग पेन तसंच धरून त्यांना म्हटलं, "काका, पुढे काय लिहू? राणीचं लिहिलंय तसं लिहायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

ते समजले. बाहेर मजूर टोपल्या उचलत होते, दार उघडं होतं. त्यांनी ते लावून घेतलं नाही. कप टेबलावर ठेवला आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"खदरा. लिही. माझी आई खदरा. तीही गावाचं दळण दळायची."